पोरांनी फक्त खुर्च्याच लावायच्या का? (बडोदा, मंडळ आणि समाजबदल)

विश्वामित्रीकाठ

नमस्कार मंडळी.

बडोद्याच्या जुन्या भागातल्या एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत मी आहे. गणेशोत्सव, कोजागरी, दिवाळी पहाट, मुलांच्या स्पर्धा असं नेहमीचं काम चालतं. मंडळाचं स्वतःचं छोटं सभागृह आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा तिथे कमरेच्या वर पाणी होतं. लोकांच्या अंगणात मगरी आल्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. त्या दिवसांत मंडळातल्या कॉलेजच्या पोरापोरींनी गच्च्यागच्च्यांवर दूध आणि औषधं पोचवली, पाणी ओसरल्यावर सभागृहातला चिखल उपसला, शेजारच्या वस्तीतल्या घरांतलाही उपसला. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

आता त्याच मुलांनी कार्यकारिणीला पत्र दिलंय. सभागृह बहुतेक दिवस कुलूपबंद असतं, ते संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडा, ज्याला बसायचंय त्याने बसावं, मराठी की गुजराती आणि कुठल्या वस्तीतला हे विचारायचं नाही. सभागृहामागचं गटार तुंबलं की ज्या माणसाला आपण बोलावतो तो आत उतरतो, हे बंद करा आणि तसा ठराव वहीत लिहा. आणि ज्यावरून खरी वादावादी झाली ते म्हणजे कार्यकारिणीत पंचविशीच्या आतल्या दोघांना जागा द्या, मताधिकारासह.

ज्येष्ठांचं म्हणणं असं की पोरांचा उत्साह अनंत चतुर्दशीपर्यंत टिकतो. उद्या ही सगळी पुण्याला नाहीतर कॅनडाला जाणार, मग निस्तरायचं कोणी? एक काका म्हणाले, "समाज बदलणं पोरांचं काम नाही. बडोद्यात जे काही बदललं ते सयाजीराव महाराजांनी कायदे करून बदललं."

हे वाक्य मनातून जात नाहीये. खरंच तसं आहे का? देशात मोठा बदल होतो त्यात तरुणांचा वाटा नेमका कुठे असतो? राबण्यात, ओरडण्यात, की ठरवण्यातसुद्धा? माझं मत मुलांच्या बाजूने आहे. पण पुढच्या महिन्यात सभा आहे, तिथे उभं राहून बोलायचंय. मुद्दे हवेत. विरोधातले असले तरी लिहा.

सेवउसळ

ताई, विषय महत्त्वाचा आहे, सवडीने लिहितो. तोवर एक उपाय सुचवतो. सभा संध्याकाळी ठेवा आणि आधी सगळ्यांना तर्रीवाली सेवउसळ खाऊ घाला. बडोद्यात पोट भरलेल्या माणसाने कशाला विरोध केल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

कोथरूडकर

यात प्रश्न पडण्यासारखं काय आहे? १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा जोतीराव एकवीस वर्षांचे होते आणि सावित्रीबाई सतरा. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं तेव्हा टिळक आणि आगरकर दोघेही तेवीस. यातल्या कोणालाही सरकारने नेमलं नव्हतं, कुठल्या कार्यकारिणीने जागा दिली नव्हती. घरच्यांनी जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं. तुमच्या काकांना हे वाचून दाखवा.

ग्रंथपाल

काकांच्या मुद्द्याकडे थोडं थांबून बघू या. ते जे म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त अर्धीच गोष्ट सांगतात.

सयाजीराव नाशिककडच्या कवळाणे गावाहून बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, साल १८७५. राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले १८८१ च्या डिसेंबरात, म्हणजे अठराव्या वर्षी. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी सरकारी शाळा काढायला सुरुवात केली. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. तरी त्यांनी शाळा मोडल्या नाहीत. म्हणजे काका ज्यांचं नाव घेतात ते तेव्हा एकोणीस वर्षांचे होते, आज त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं असतं तर तेही "पोरगं" ठरले असते.

सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाची गोष्ट तर अजून बोलकी आहे. १८९३ मध्ये फक्त अमरेली भागात प्रयोग म्हणून सुरुवात केली. गावं निवडली, शिक्षक मिळतात का, मुलं टिकतात का, मुली येतात का, दंड कोणाला लावायचा, हे सगळं बघितलं. त्यानंतर १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. पाच वर्षांनी, १९११ मध्ये, गोखल्यांनी तसंच विधेयक ब्रिटिशांच्या कायदेमंडळात मांडलं ते फेटाळलं गेलं. देशभरात शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला. शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे यात.

माझ्या दृष्टीने इथे महत्त्वाचं काय, तर या तरुणाच्या हातात अधिकार होता. कोथरूडकरांनी दिलेली उदाहरणं अधिकार नसलेल्यांची आहेत, त्यांतल्या जोतीराव-सावित्रीबाईंना त्यासाठी घर सोडावं लागलं. आपल्या मुलांनी काही चांगलं करायचं तर आधी त्यांनी घराबाहेर निघायलाच हवं, अशी अट का असावी?

स्पष्टवक्ता

ग्रंथपाल, माहिती छान, पण राजाचं उदाहरण लोकशाहीत लागू होत नाही. त्यांच्याकडे खजिना होता, पोलीस होते. सामान्य तरुणांनी गुजरातमध्ये काय केलं ते बघा ना. १९७४ चं नवनिर्माण आंदोलन. मुलांनी चिमणभाई पटेलांचं सरकार पाडलं, देशभर नाव झालं. पुढे काय? तेच चिमणभाई १९९० मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९९४ मध्ये वारले तेव्हाही त्याच खुर्चीवर होते. तरुण लाट आणतात, लाट ओसरते, राज्य करणारे करतच राहतात. यात मला आनंद नाही, पण दिसतं ते लिहिलं.

मांडवीची_सून

कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. पत्रावर सह्या कोणाच्या आहेत? मुलींच्या आहेत का? "तरुण" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुलगेच येतात.

विश्वामित्रीकाठ

मांडवीची_सून, निम्म्याहून जास्त सह्या मुलींच्या आहेत. पत्राचा मसुदाही मुलींनीच केलाय. आणि खरं सांगायचं तर सभेत ज्या स्वरात प्रश्न विचारले गेले तो स्वर मुलग्यांसाठी वेगळा होता, मुलींसाठी वेगळा.

निवृत्त_रेल्वे

स्पष्टवक्ता यांनी नवनिर्माणचा विषय काढला म्हणून लिहितो. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो, बडोद्यातच शिकत होतो.

सुरुवात अहमदाबादला झाली. डिसेंबर १९७३ मध्ये एल. डी. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या मेसचं बिल वाढलं. आजच्या मुलांना वाटेल, मेसच्या बिलावरून सरकार कसं पडतं? पण तेव्हा तेल, धान्य, सगळंच महागलं होतं. प्रत्येक घरात आई तेलाचा डबा तिरका करून बघत होती. म्हणून मुलांच्या मागे मास्तर आले, नोकरदार आले, गृहिणी आल्या. रात्री ठरलेल्या वेळी अख्ख्या पोळीतून, म्हणजे गल्लीतून, थाळ्यांचा आवाज उठायचा. संचारबंदी लागायची, गोळीबार झाले, माणसं मेली. ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. आम्ही तिथे थांबलो नाही, विधानसभाच बरखास्त करा म्हणून आमदारांच्या दारात जाऊन राजीनामे मागितले. मोरारजीभाईंनी उपोषण केलं आणि मार्चमध्ये विधानसभा गेली. बिहारची मुलं त्याच सुमारास उठली, त्यातून पुढे जयप्रकाशजींचं आंदोलन उभं राहिलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता स्पष्टवक्ता यांचा प्रश्न. चिमणभाई परत कसे आले? याला कारणं बरीच आहेत, पण एक कारण कोणी बोलत नाही. तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. जून १९७५ मध्ये निवडणूक झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. ज्या विधानसभेसाठी लाठ्या खाल्ल्या, तिच्या जागी येणारी विधानसभा निवडायला माझ्यासारख्या कित्येकांना मतच नव्हतं. आम्ही पाडू शकत होतो, नेमू शकत नव्हतो. मताचं वय अठरा झालं ते १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. तोवर माझी मुलगी शाळेत जायला लागली होती.

म्हणून ताई, तुमची मुलं अभ्यासिकेबरोबर मत मागताहेत, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. आम्हाला ते सुचलं नव्हतं असं नाही, आम्हाला ते कोणी देणार नव्हतं.

सेवउसळ

निवृत्त_रेल्वे काका, दंडवत. हे तुम्ही सविस्तर लिहून काढायला हवं. वेगळा धागा काढा ना.

मांडवीची_सून

+१. काका, त्या थाळ्या वाजवणाऱ्यांत माझी आजेसासू होती. त्यांनी पुढे कधी कुठल्या सभेला पाय लावला नाही, पण "आम्ही सरकारला जेवायच्या वेळी उठवलं" हे मरेपर्यंत सांगायच्या.

बायकांच्या बाबतीत कायदा आणि माणसं यांचं नातं आपल्या बडोद्यातच चांगलं दिसतं. १९०४ मध्ये इथे बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचं वय बारा, मुलाचं सोळा. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यालाही विरोध होता आणि लोक दंड भरून लग्नं लावत होते. दंड हा लग्नाच्या खर्चातलाच एक आकडा झाला. पुढे १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषद पुण्याला भरली, तिच्या पहिल्या अध्यक्षा आपल्या महाराणी चिमणाबाई. या परिषदेतल्या बायकांनी पाठपुरावा केला आणि १९२९ मध्ये सारडा कायदा आला, मुलींसाठी चौदा. पण प्रत्यक्षात लग्नाचं वय कधी वाढलं? मुली शाळेत टिकू लागल्या तेव्हा. म्हणजे कायद्याने दार उघडलं असेल, आत पाऊल टाकलं ते त्या त्या घरातल्या एकेका मुलीने, "मला अजून शिकायचंय" म्हणून. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

इंदूरवाला

आमच्या इंदूरचं सांगू का? २०१७ पासून २०२३ पर्यंत आम्ही स्वच्छता सर्वेक्षणात सलग पहिले. लोकांना वाटतं महापालिकेने गाड्या आणल्या आणि झालं. गाड्या आणल्याच, दंडही लावले, सफाई कामगारांनी रात्रंदिवस काम केलं. पण ओला-सुका वेगळा करायची सवय घराघरांत कोणी लावली? स्वयंसेवी संस्थांच्या मुलामुलींनी, दारोदार फिरून. आणि शाळेतल्या पोरांनी, आईबापाच्या मागे लागून. आमच्या घरी तर नातीने आजोबांना रस्त्यावर थुंकू दिलं नाही, भर राजवाड्यावर. दोन्ही बाजू लागतात. महापालिकेशिवाय पोरांचं चाललं नसतं आणि पोरांशिवाय महापालिकेचं.

आणि सेवउसळ साहेब, सभेला पोहे-जिलबी ठेवा. मतं जास्त मिळतील.

सेवउसळ

इंदूरवाला, स्वच्छतेत पहिला नंबर घ्या, खुशाल घ्या. नाश्त्यात नाही मिळणार.

कोथरूडकर

मिसळीचा उल्लेख न करता हा विषय इथेच थांबवतो.

स्पष्टवक्ता

थट्टा पुरे, मला एक खरी अडचण मांडायची आहे. तुम्ही सगळे "तरुण" म्हणजे चांगलेच असं धरून चाललात. मिरवणुकीत खिडक्या हादरतील असा डीजे कोण लावतं? मूर्ती दरवर्षी फूटभर उंच व्हावी म्हणून वर्गणीसाठी दुकानदारांना कोण दमात घेतं? मोबाइलवर खोट्यानाट्या बातम्या पसरवून मोहल्ल्यामोहल्ल्यांत तेढ कोण वाढवतं? तेही तरुणच असतात. देशातली निम्मी माणसं तिशीच्या आतली आहेत, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही त्यांच्याच हातून होणार. वयाला मत देऊ नका, कामाला द्या, एवढंच माझं म्हणणं.

निवृत्त_रेल्वे

स्पष्टवक्ता, डीजे लावणारी पोरं आमच्याही गल्लीत आहेत. पण त्या डीजेचे पैसे कोणाच्या खिशातून येतात तेही बघा. पावतीपुस्तकावर सही पन्नाशीतल्या माणसाची असते. पोरांना राबायला आणि नाचायला ठेवायचं, हिशेब आपल्याकडे ठेवायचा, आणि मग पोरं बेजबाबदार म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

फत्तेगंज_०४

मी बरेच दिवस इथे फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. त्या पत्रावर माझी सही नाही, मी दुसऱ्या मंडळातली. पण आमच्याकडेही हेच आहे. खुर्च्या आम्ही लावतो, माइक आम्ही तपासतो, प्रसाद आम्ही वाटतो, सूत्रसंचालन आम्ही करतो, आणि "काय करायचं" हे ठरतं तेव्हा आम्ही चहा आणायला गेलेलो असतो. मला काम करायचा कंटाळा नाही. पण स्वयंसेवक हा शब्द मला हल्ली टोचतो, कारण त्याचा अर्थ आमच्याकडे "विचारायची गरज नसलेला माणूस" असा झालाय.

मुख्य लिहायचंय ते काकांच्या वाक्याबद्दल, की बडोदा महाराजांनी बदललं. मी दरवर्षी २३ सप्टेंबरला मैत्रिणींबरोबर सयाजीबागेत संकल्पभूमीवर जाते. तिथली गोष्ट तुम्हाला माहीत असेल, तरी पुन्हा सांगते, कारण ती याच प्रश्नाची आहे. १९१३ मध्ये महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. करारानुसार १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले. वय सव्वीस. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण, संस्थानातली चांगली नोकरी, खुद्द महाराजांचा पाठिंबा. आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेतलेली माणसं दारात आली, सामान घेऊन निघ म्हणाली. ज्या मित्रांकडे मदत मागितली त्यांनी घरच्या अडचणी सांगितल्या. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत, म्हणजे याच सयाजीबागेत, बसून राहिले.

शाळा सक्तीच्या होत्या, कायदे होते, राजा पुरोगामी होता. पण खोली राजा देत नाही, घरमालक देतो. तो बदलला नव्हता. मला वाटतं, महाराज जिथपर्यंत पोचू शकत नव्हते ती जागा आपली आहे. ओटले, सोसायट्या, मंडळं, भाड्याच्या खोल्या. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी खोली बघताना आधी आडनाव विचारलं, मग "फॅमिलीलाच देतो" सांगितलं. तिच्या नंतर मी फोन केला, मला ती खोली दाखवायला तयार होते. आम्ही दोघींनी ती खोली घेतली नाही. सात-आठ जणींनी मिळून आता एक यादी केलीय, कोण आडनाव न विचारता खोली देतं त्याची. नवीन आलेल्या मुलींना देतो. हे काही आंदोलन नाही, पेपरात येणार नाही. पण विश्वामित्रीकाठ ताई, तुमची मुलं "अभ्यासिकेत कुठल्या वस्तीतला ते विचारायचं नाही" म्हणताहेत ना, ते याच जागी बोट ठेवताहेत. कृपया ती ओळ सभेत पुसू देऊ नका. लोक म्हणतील, "अभ्यासिका करू, पण एवढं लिहायची काय गरज?" गरज आहे.

ग्रंथपाल

फत्तेगंज_०४, तुमच्या या प्रतिसादासाठी धाग्याची वाचनखूण साठवली. तुमची ती खोल्यांची यादी हे या धाग्यातलं सर्वांत मोठं काम आहे, माझ्या मते.

कोथरूडकर

सहमत. पुण्यातही हाच अनुभव आहे, यादी इथेही करायला हवी. तुम्ही ती कशी तपासता, घरमालकाशी आधी कोण बोलतं, ते जमलं तर लिहा. नावं-पत्ते नकोत, पद्धत सांगा.

फत्तेगंज_०४

पद्धत साधी आहे. आमच्यातली जी तिथे राहिली आहे तिच्याच भरवशावर नाव यादीत जातं. ऐकीव माहिती घेत नाही. राहून गेलेल्या मुलीला आम्ही विचारतो की भाडं ठरल्याप्रमाणे घेतलं का, यायच्या वेळेवरून कटकट केली का, डब्यात काय आहे ते विचारलं का. एखाद्या घराबद्दल तक्रार आली तर नाव काढतो. घरमालकांना यादीबद्दल सांगत नाही, पण दोघा-तिघांना कळलंय आणि ते स्वतःहून म्हणाले, अजून मुली पाठवा.

पाऊलवाट

धाग्यात "उत्साह टिकत नाही" हा मुद्दा मागे पडला. त्यावर बोलतो, कारण ज्येष्ठांचा तो आक्षेप खोटा नाही.

डिसेंबर १९७३ चा उल्लेख वर आला. त्याच डिसेंबरात, इकडे अहमदाबादला मेसचं बिल पेटत असताना, तिकडे बाबा आमट्यांनी भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे तिथे राहायला गेले ते नुकतेच डॉक्टर झालेले प्रकाश आणि मंदाकिनी आमटे. वीज नाही, रस्ता नाही, माडिया भाषा येत नाही, सुरुवातीला लोक उपचाराला येईनात. एकीकडे काही आठवड्यांत सरकार पडलं, दुसरीकडे काही वर्षांत एक दवाखाना आणि शाळा उभी राहिली. मी दोन्हींना मान देतो. पण दुसऱ्या प्रकारच्या कामाला शाळा-कॉलेजात कोणी "आंदोलन" म्हणून शिकवत नाही, म्हणून मुलांना वाटतं की बदल म्हणजे मोर्चा.

गडचिरोलीतच अभय आणि राणी बंग १९८६ पासून आहेत. त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, नोंदी ठेवल्या, बालमृत्यू कमी होतात हे आकड्यांनी सिद्ध केलं. ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे सरकारने आशाताईंच्या कामात ते घेतलं. म्हणजे खेड्यातल्या कामाचा देशाचा कार्यक्रम झाला, कारण नोंदी होत्या. मी त्यांच्या तरुणांसाठीच्या 'निर्माण' शिबिरांना जाऊन आलोय, तिथे मुलांना आधी प्रश्न मोजायला शिकवतात.

तुमच्या मुलांना एवढंच सांगा, अभ्यासिकेची हजेरीवही पहिल्या दिवसापासून ठेवा. किती आले, किती मुली, कोणत्या वेळी गर्दी, परीक्षेनंतर किती टिकले. वर्षाने जे कोणी "काय उपयोग झाला" विचारतील त्यांच्यापुढे ती वही ठेवा. आणि कॅनडाला जाणारा गेला तरी वही इथेच राहते, पुढच्याला तिथून धरता येतं.

जलनिस्सारण

गटाराबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझी उमेद त्याच खात्यात गेली.

मुलांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते "समाजबदल" वगैरे नंतर, आधी कायद्याची गोष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. बोलावणारं मंडळ असो की सोसायटी, "आम्हाला माहीत नव्हतं" चालत नाही.

आत माणूस कशाने मरतो तेही सभेत सांगा. बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं हवा बरी आहे. मग तो कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. झाकण उघडून थोडा वेळ ठेवलं की गॅस जातो हा समज चुकीचा आहे, तळाचा गाळ ढवळला की पुन्हा सुटतो.

उपाय सांगतो. कॉर्पोरेशनकडे तक्रार नोंदवून जेटिंग आणि सक्शनची गाडी मागवा, तक्रार क्रमांक वहीत लिहा. गाडी गल्लीत शिरत नसेल तर लांब पाइपवाली मागा. आणि मुळात तुंबतं का ते बघा. मंडळाच्या सभागृहामागे नव्वद टक्के वेळा कारण असतं महाप्रसादाचं तेल, भात आणि निर्माल्य. स्वयंपाकघराच्या मोरीबाहेर जाळीचं छोटं चेंबर आणि तेल अडवणारी टाकी बांधून घ्या. गवंड्याचं काम आहे, फार खर्च नाही.

इतकी वर्षं जी माणसं उतरत आली त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात, जात मात्र माहीत असते. मुलांनी हा विषय मंडळाच्या पत्रात आणला हे वाचून मला फार बरं वाटलं.

स्पष्टवक्ता

जलनिस्सारण, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवतोय.

ताई, माझा विरोध दोन जागांना नाही. मी म्हणतो, जागा द्या पण निवडून द्या. मुलांनी आपसांत मतदान करून दोघं पाठवावीत. नाहीतर अध्यक्षांचा भाचा आणि खजिनदारांची मुलगी येतील आणि आपण म्हणू, झालं तरुणांचं प्रतिनिधित्व.

मांडवीची_सून

याला मात्र जोरदार +१. आणि दोघांत एक तरी मुलगी. आपल्या महापालिकेत ७६ जागांपैकी निम्म्या बायकांच्या आहेत, मंडळाने त्याच्या मागे राहू नये.

इंदूरवाला

जागा राखायच्या असतील तर आणखी एक बघा. एकवीस वर्षांचा मुलगा नगरसेवक होऊ शकतो, राज्यघटनेतच तसं आहे. शहराचा कारभार चालतो आणि मंडळाचा चालत नाही, हे काकांना विचारा.

विश्वामित्रीकाठ

काल सभा झाली. उशिरा लिहितेय, रात्री घरी यायलाच साडेअकरा झाले.

गटाराचा ठराव एकमताने मंजूर. जलनिस्सारण, तुमचा प्रतिसाद मी जसाच्या तसा वाचून दाखवला. वास येईनासा होतो ते ऐकून सभागृहात कोणी बोलेना. खजिनदारांनी तिथेच सांगितलं की जाळीचं चेंबर गणपतीआधी बांधून घेऊ.

अभ्यासिका मंजूर, रोज संध्याकाळी सहा ते दहा. फत्तेगंज_०४, तू म्हणालीस तसंच झालं. "एवढं लिहायची काय गरज" हे वाक्य तीन जणांनी उच्चारलं. निवृत्त_रेल्वे काका सभेला स्वतः आले होते, मला कल्पनाही नव्हती की ते आमचेच आजीव सभासद आहेत. ते उठले आणि म्हणाले, गरज नसेल तर लिहिल्याने कोणाचं काय जातं. ओळ राहिली.

जागांवर मात्र अडलं. मंडळाच्या घटनेत कार्यकारिणीची संख्या ठरलेली आहे, ती बदलायला सर्वसाधारण सभा लागते आणि मग चॅरिटी कमिशनरकडे नोंद. अध्यक्षांनी मधला मार्ग सुचवला की तोवर दोघांना निमंत्रित सदस्य करू, बोलायचा अधिकार असेल, मताचा नाही. मुलं बाहेर जाऊन आपसांत बोलली आणि आत येऊन म्हणाली, मताशिवाय नको, आम्ही सर्वसाधारण सभेची वाट बघू. काही ज्येष्ठांना हे उद्धटपणाचं वाटलं. मला ते योग्य वाटलं आणि मी तसं तिथे बोलले. त्यामुळे आज सकाळपासून दोन फोन रागाचे आले आहेत.

पण ज्या काकांनी महाराजांचं वाक्य म्हटलं होतं त्यांनी निघताना मुलांना विचारलं की अभ्यासिकेत कपाट लागेल का, त्यांच्याकडे एक आहे.

सर्वसाधारण सभा डिसेंबरात आहे. घटनादुरुस्तीचा मसुदा महिनाभर आधी सभासदांना पाठवावा लागतो. कोणी लिहून देईल का?

ग्रंथपाल

कपाट आलं की सांगा, स्पर्धापरीक्षांची आणि शालेय पुस्तकं मी जमवतो. मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही.

पाऊलवाट

हजेरीवहीचा नमुना पाठवतो. रकाने कमीत कमी ठेवलेत, आडनावाचा रकाना नाही.

फत्तेगंज_०४

ताई, मसुदा मी करते, आमच्या मंडळातही तोच मांडता येईल. सध्या एवढं लिहिलंय, दुरुस्त्या सुचवा: "कार्यकारिणीत १८ ते २५ वयोगटातील दोन सदस्य असतील, त्यांपैकी किमान एक स्त्री असेल. त्यांची निवड त्या वयोगटातील सभासद गुप्त मतदानाने करतील. त्यांना इतर सदस्यांप्रमाणे मताचा व हिशेब पाहण्याचा पूर्ण अधिकार असेल." पंचवीस पूर्ण झाल्यावर मुदत संपेपर्यंत राहायचं की लगेच जागा सोडायची, यावर आमच्यातच एकमत नाहीये. निवृत्त_रेल्वे काका, स्पष्टवक्ता, तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टवक्ता

मुदत पूर्ण करू द्या. आणि हिशेबाचं वाक्य सर्वांत आधी घाला.